देबूजीने बारशाच्या पंगतीत बकरा का कापला नाही?

गाडगेबाबांच्या हातातला खराटा सगळ्यांना ठाऊक आहे. २०००-०१ साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि बाबांचे चित्र गावोगावच्या ग्रामपंचायतीत जाऊन बसले. २० डिसेंबरला पुण्यतिथी असते. त्या दिवशी सरपंच हार घालतात, शाळेतली पोरे खराटे घेऊन गल्ली झाडतात, ग्रामपंचायत अधिकारी फोटो काढून अहवाल पाठवतात. चांगलेच आहे ते. पण बाबांच्या खराट्याबद्दल जेवढे बोलले जाते तेवढे त्यांच्या ताटाबद्दल बोलले जात नाही.

बाबांच्या घरी, त्यांच्या जातीत, पंगतीला मटण आणि दारू ही चालत आलेली रीत होती. ती रीत त्यांनी ऐन तरुणपणी, घरदार सोडण्याच्या कितीतरी आधी, संसारी शेतकरी असतानाच मोडली. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की मांस-मद्य सुटते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कोणी पोथी ऐकून सोडतो, कोणी गुरूच्या शब्दाखातर सोडतो. देबूजीचे कारण वेगळे होते. ते त्याच्या घरातच घडले होते आणि ते शेतकऱ्याने समजून घ्यावे असे आहे.

बाप पंगतीत बुडाला

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झिंगराजी आणि सखुबाई या परीट जोडप्याच्या पोटी हा मुलगा जन्मला. आज हे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. मुलाचे नाव डेबूजी, देबूजी. घरात सगळे देबू म्हणत. आडनाव जानोरकर.

त्या काळी समाजात रिवाज असा होता की बारसे असो, लग्न असो, मयताचे दिवस असोत की देवाचा नवस असो, बकरा कापल्याशिवाय आणि दारूचा घडा फुटल्याशिवाय कार्य झाले असे कोणी मानत नसे. ऐपत असो नसो, पंगत द्यायचीच. नाही दिली तर जातीत मान खाली. आणि एका घरची पंगत जेवून आले की उद्या आपल्या घरी तशीच घालावी लागे. हा व्यवहार असा होता की त्यातून बाहेर पडायला दारच नव्हते.

झिंगराजी स्वभावाने वाईट माणूस नव्हता. पण पंगतीतला पेला हळूहळू रोजचा झाला. आधी देवाच्या निमित्ताने, मग सोबत्यांच्या निमित्ताने, शेवटी निमित्तही लागेना. घर खंगत गेले, तब्येत गेली आणि १८८४ च्या सुमारास झिंगराजी गेला. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. चरित्रात हकीकत येते ती अशी, की अखेरच्या दिवसांत झिंगराजीला आपली चूक कळून चुकली होती. बकऱ्या-कोंबड्यांचा आणि दारूचा नैवेद्य मागणाऱ्या देवापासून आणि तसल्या संगतीपासून पोराला लांब ठेव, असे त्याने बायकोला बजावले.

विचार करा, मंडळी. सखुबाईच्या पदरात काय राहिले? ना पैसा, ना धान्य. एक पोरगा आणि मरणाऱ्या नवऱ्याचा एक शब्द. देबूने पुढे आयुष्यभर जे केले त्याचे बी इथे पडले. त्याच्या मनात मटण आणि दारू ही दोन निराळी नव्हती. एका हाताने बकरा येई, दुसऱ्या हाताने बाटली येई, आणि मागून सावकार येई. या तिघांची जोडी त्याने बापाच्या मरणात पाहिली होती.

दापुऱ्याचा गुराखी

सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. माहेर मुर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचे. तिथे आजोबा आणि मामा चंद्रभानजी यांची शेती होती. पूर्णेच्या काठचा हा मुलूख काळ्या जमिनीचा, कपाशी आणि ज्वारीचा. बराचसा पट्टा खारपाणाचा, विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही असा. देबूला शाळा कसली मिळणार? त्याच्या हाती मामाची गुरे आली.

भल्या पहाटे उठायचे, गोठा झाडायचा, शेण उचलायचे, गुरे सोडायची. रानात गुरे चरत असताना गुराखी पोरांना गोळा करून भजन म्हणायचे. गुरे पाण्यावर न्यायची, पूर्णेच्या पाण्यात धुवायची. खराट्याची सवय लागली ती याच गोठ्यात. आणि मुक्या जनावरांची मायाही इथेच लागली. ज्याने गुरे राखली आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. जनावर बोलत नाही, पण राखणाऱ्याला त्याचे दुखणे कळते. कोणती गाय आज चरली नाही, कोणते वासरू लंगडते, कोणते पाठ बुडवून बसले आहे, हे गुराख्याला मोजल्याशिवाय समजते. असा पोरगा जेव्हा देवापुढे बांधलेला बकरा पाहतो, तेव्हा त्याला नैवेद्य दिसत नाही, जित्राब दिसते.

मोठा झाल्यावर देबूने औत धरले. अंगाने दणकट, पोहण्यात पटाईत, कामाला वाघ. मामाची शेती त्याने कसली. १८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. संसार उभा राहिला.

सावकाराचा नांगर

इथे दुसरा घाव बसला. चंद्रभानजींचे सावकारी कर्ज होते. त्या काळचा सावकारी कागद म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. अंगठा एकदा उमटला की आकडा वाढतच जायचा. शेवटी जमीन सावकाराच्या घशात जायची वेळ आली आणि मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजी औत धरून आडवा उभा राहिला, अशी हकीकत चरित्रात आहे. अक्षरशत्रू माणूस, पण कागदापुढे वाकला नाही.

याच वर्षांत वऱ्हाडाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाहिले. घरात दाणा नसताना माणूस कर्ज काढतो ते समजू शकते. पण देबूजीने आजूबाजूला पाहिले ते वेगळेच होते. पोटासाठी काढलेल्या कर्जासोबत पंगतीसाठी काढलेले कर्ज होते. बी-बियाण्याला पैसा नाही, पण नवसाच्या बकऱ्याला आहे. बैल म्हातारा झालाय, दुसरा घ्यायला रक्कम नाही, पण कार्याला दारू आणायला सावकार हजर. सावकाराला काय, तो दोन्हीकडे सारखेच व्याज लावतो. त्याच्या वहीत बियाण्याचे खाते वेगळे आणि बकऱ्याचे वेगळे असे नसते.

म्हणजे बाप गेला तो पंगतीपायी, आणि मामाची जमीन अडकली ती कर्जापायी. या दोन्ही गोष्टी एका तरुण शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर घडल्या. त्याने त्यांची सांगड घातली.

लेकीचे बारसे

मग देबूजीच्या घरी लेक झाली. बारसे ठरले. सोयरे-धायरे, जातभाई जमले. सगळ्यांची अपेक्षा काय असणार? रिवाजाप्रमाणे बकरा कापला जाईल, दारू येईल, रात्रभर मौज होईल. पाने मांडली गेली आणि पानावर गोडधोड आले. मटण नाही, दारू नाही.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या दिवशी ते सोपे नव्हते, हे लक्षात घ्या. जातीत राहायचे म्हणजे जातीचे खावे आणि जातीला खाऊ घालावे लागे. उद्या पोरीचे लग्न जमवायचे आहे, मयताला चार खांदेकरी लागणार आहेत, औताला बैल उसना लागणार आहे. तेच लोक पंगतीत बसलेले. त्यांना नाराज करणे म्हणजे स्वतःच्या हाताने विहिरीचा दोर कापणे. जातभाई रागावले, कुजबुज झाली. देबूजीने वाद घातला नाही आणि बेतही बदलला नाही. घरात आलेल्या नव्या जिवाच्या कौतुकासाठी दुसऱ्या जिवाचा गळा कापायचा नाही आणि लेकीच्या नावाने घरावर कर्ज चढवायचे नाही, एवढे त्याने ठरवले होते.

त्याने उपाशी पाठवले नाही कुणाला, हेही ध्यानात घ्यावे. पंगत दिली, पोटभर दिली, मानाने दिली. रीत मोडताना पाहुण्यांचा अपमान केला नाही. नुसतेच नको म्हणणारा माणूस गावाला एकलकोंडा वाटतो. देबूजीने एक ताट काढून घेतले आणि त्या जागी दुसरे ठेवले. गावात काही सुधारणा करू पाहणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी यातून धडा घ्यावा.

घर सोडले, ताट सोडले

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. मडक्याचे हे फुटके भांडे म्हणजेच त्यांचे ताट, तोच पाण्याचा गडवा, ऊन लागले तर तीच टोपी. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारे काढायची. कुणाच्या शेतात काम पडले असेल तर करायचे, कुणाची लाकडे फोडून द्यायची. मग भाकरी मागायची. फुकटची नाही, कामाची. भाकरी, चटणी, फार तर झुणका. पुढे त्यांच्या नावावर मोठमोठे भंडारे होऊ लागले, हजारो माणसे गोडधोड जेवू लागली. बाबा मात्र बाजूला जाऊन मागून आणलेली भाकरी खात. जेवायला ताट नसेल तर हातावर भाकरी घेऊन खावी, पण पोरांना शाळेत घालावे, असे ते लोकांना सांगत. स्वतः तसेच खात असल्यामुळे लोकांना ते पटे.

पूर्णा नदीवरच्या ऋणमोचनला पौषात जत्रा भरते. चिखलातून घसरत पाण्यात उतरणारी माणसे पाहून बाबांनी तिथे १९०८ साली घाट बांधायला घेतला. स्वतः घमेले उचलले, लोकांनीही उचलले. पुढे तिथे आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्त सुरू केले. जत्रेत बकऱ्यावर आणि दारूवर उधळणारा पैसा घाटाच्या दगडावर आणि उपाशी माणसाच्या पानावर पडावा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

जत्रेतला सवाल

नवसाचे बकरे कापले जात अशा जत्रा बाबांनी मुद्दाम हेरल्या. तिथे आधीच जाऊन पोचायचे, जागा झाडायची आणि रात्री कीर्तन लावायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. सगळे जीव देवाची लेकरे आहेत ना? मग एका लेकराच्या सुखासाठी दुसऱ्या लेकराची मान कापलेली त्या बापाला कशी आवडेल? नवसाने पोरे होत असती तर लग्ने कशाला करावी लागली असती? असे सवाल ते वऱ्हाडी बोलीत टाकत. तुकोबांच्या अभंगांचा आधार घेत. माणसे आधी हसत, मग गप्प होत, मग मान डोलावत.

दटावणी नव्हती, शिव्याशाप नव्हते, पोलीस बोलावणे नव्हते. बकरा घेऊन आलेल्या माणसाला ते पापी म्हणत नसत. तो आपल्या बापासारखाच रीतीत अडकलेला माणूस आहे, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांचा रोख रीतीवर असे, माणसावर नव्हे. १९३१ साली वरवंडे येथे त्यांच्या प्रबोधनाने पशुहत्या थांबली, अशी नोंद आहे. १९२५ साली मुर्तिजापूरला त्यांनी गोरक्षणाचे काम केले, त्याच्या जोडीला धर्मशाळा आणि विद्यालय उभे केले. पुढे त्यांच्या शिकवणीची जी दहा कामे सांगितली जातात त्यांत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबर मुक्या प्राण्यांना अभय हेही एक काम आहे. गुराखी देबू त्या यादीत असा टिकून राहिला.

हा सोवळ्याचा शाकाहार नव्हे

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे मांस न खाणे हे पुष्कळदा उच्च जातीचे लक्षण समजले जाते. आम्ही खात नाही म्हणून आम्ही वरचे, तुम्ही खाता म्हणून तुमच्या हातचे पाणी चालत नाही, असा तो प्रकार. बाबांच्या शाकाहाराला या सोवळ्याचा वाससुद्धा नव्हता. ते स्वतः परीट, दुसऱ्याचे मळके कपडे धुणाऱ्या जातीतले. ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले होते त्यांच्या घरची भाकरीही त्यांना तितकीच गोड होती. भाकरी कुणाच्या चुलीवरची आहे हे त्यांनी विचारले नाही.

पंढरपूरला विठोबाच्या दारी येऊनही अस्पृश्य वारकऱ्यांना टेकायला जागा मिळत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा बांधली. ही धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः बाबा पंढरीला जाऊन चंद्रभागेचे वाळवंट झाडत, कीर्तन करत, पण देवळात दर्शनाला जाण्याची त्यांना ओढ नव्हती. ते कोणाचे गुरू झाले नाहीत, कोणाला शिष्य केले नाही. म्हणून त्यांच्या ताटाला कुठला पंथ चिकटला नाही. जिवाची दया आणि घराची काळजी, या दोनच गोष्टींवर त्यांचे ताट उभे होते.

आपल्यापैकी बरीच मंडळी मटण खातात. शेळीपालनावर कित्येक भूमिहीन घरांची चूल पेटते, हेही खरे आहे. घरातली बाई शेळी पोसते ती अडीअडचणीला विकता यावी म्हणून. ती शेळी म्हणजे तिची बँक. हा लेख वाचून कोणी ताट ढकलून द्यावे असे नाही. पण तीच शेळी किंवा तिचा बोकड नवसापायी जातो, वर पंगतीसाठी उसनवारी होते, तेव्हा त्या बाईची बँक बुडते. देबूजीने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलेली गोष्ट ती हीच.

शेवटचा प्रवास

म्हातारपणीही बाबांची पायपीट थांबली नाही. १९५२ साली त्यांच्या कामाचा व्याप सांभाळण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. १९५४ साली मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातला माणूस आजाऱ्याला घेऊन मुंबईत जातो तेव्हा कुठे झोपतो आणि काय खातो, हे बाबांनी पाहिले होते. ८ नोव्हेंबर १९५६ ला त्यांचे अखेरचे कीर्तन मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. तिथल्या विद्यापीठालाही आज त्यांचे नाव आहे.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाच्या नावाने विद्यापीठ झाले, अभियान झाले, टपाल तिकीट निघाले. पण बाबांचा खरा वारसा गावच्या पंगतीत तपासावा लागेल. पिके निघाली की माघ-चैत्रात गावोगावी जत्रा भरतात, लग्नसराई सुरू होते. वर्गणीची बैठक चावडीवर बसते. सरपंच असतात, पोलीस पाटील असतात, दवंडी दिली जाते. त्या बैठकीत कुणीतरी एवढेच विचारावे की या वर्षी कोणाकोणाला नवस फेडायला उसने काढावे लागणार आहेत. दोन घरे जरी निघाली तरी गावाने त्यांना रीतीतून मोकळे करावे. तुम्ही गोड जेवण घाला, आम्ही मानाने येऊ, असे गावाने आपणहून म्हणावे. एकट्या माणसाला रीत मोडणे जड जाते, गावाने सूट दिली की सोपे होते.

देबूजीला त्या दिवशी गावाने सूट दिली नव्हती. लेकीच्या बारशाला तो एकटाच उभा राहिला आणि जातभाईंच्या पानात स्वतःच्या हाताने गोडाचा घास वाढत राहिला.